काशीमीरा म्हणजे किती घरं?

मी मेल अजूनही टर्मिनलमध्ये वाचते, मट नावाच्या प्रोग्रॅममध्ये. मायकल एल्किन्सने तो १९९५ साली लिहिला, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठाच. त्यात माउस लागत नाही. जे दाबलं की खाली, के दाबलं की वर, आर म्हणजे उत्तर, डी म्हणजे डिलीट. काशीमीराच्या सिग्नलला बस अडकली, की मांडीवरच्या लॅपटॉपवर ऑफिसचे पन्नासेक मेल सहज निकालात निघतात.

अडतं ते बाबांच्या मेलपाशी. त्यांना उत्तर मराठीतच हवं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असला की जे दाबल्यावर ‘र’ जातो, आणि डी म्हणजे तर अक्षराचा पाय मोडणं! मटला यातलं काही कळत नाही. म्हणून लिहायचं तर कीबोर्ड बदला, पाठवायचं तर परत बदला. शॉर्टकटचा सगळा वेग तिथेच संपतो.

मग ओळींचा प्रश्न. साध्या मजकुराच्या मेलमध्ये ७२व्या घराच्या आसपास ओळ तोडायची जुनी रीत आहे. पडदा ८० घरांचा (हे ८० आयबीएमच्या १९२८च्या पंचकार्डावरून आले), उरलेली जागा उत्तरातल्या ‘>’ खुणांसाठी. विम एडिटरमध्ये जी-क्यू-आय-पी, चार कळा दाबल्या, की विस्कटलेला परिच्छेद बरोबर मापात बसतो. इंग्रजीत. मराठीत मुळात मोजायचं काय? ‘काशीमीरा’ डोळ्यांना चार अक्षरं. युनिकोडला आठ, कारण प्रत्येक काना आणि वेलांटी वेगळी. यूटीएफ-८मध्ये २४ बाइट. माझ्या लॅपटॉपवर टर्मिनल आणि एडिटर यांचा हिशेब जुळत नाही, त्यामुळे कर्सर एकीकडे आणि शब्द भलतीकडे.

तेही चाललं असतं. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी फोनवरचा फॉन्ट एवढा मोठा केलाय, की एका ओळीत जेमतेम तीन-चार शब्द मावतात. माझी ७२ची ओळ तिथे पुन्हा तुटते. दोन-तीन भरलेल्या ओळी, मग एकटाच शब्द, परत दोन-तीन ओळी. त्यांनी फोन करून विचारलं, “कविता करायला लागलीस की काय?”

यावर २००४पासून आरएफसी ३६७६ नावाचा तोडगा आहे. ओळीच्या शेवटी एक स्पेस ठेवायची. ती स्पेस सांगते की ही ओळ सोयीपुरती तोडली आहे, वाचणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे पुन्हा जोडा. न दिसणारी एक स्पेस एवढं समजूतदार काम करते, हे मला फार आवडतं. बाबांच्या फोनवरचं ॲप मात्र तिला जुमानत नाही.

शेवटी मटमध्ये सेंड-हुक लावला. मेल बाबांना असेल तर विमने ओळ अजिबात तोडायची नाही. परिच्छेद संपेपर्यंत एकच ओळ. नाहीतरी बाबा पहिल्यापासून असंच लिहितात. त्यांची ती लांबलचक ओळ मट मोडून दाखवतो आणि मोडलेल्या प्रत्येक ओळीआधी एक अधिकचं चिन्ह लावतो. कालच्या मेलमध्ये अशी अकरा होती. विषय होता दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख.