न्हाणी उकरताना



न्हाणी नवी करायची ठरली की घरात पहिली चर्चा निघते ती फरशीच्या रंगाची. पोरांना चकचकीत टाईल्स हव्या असतात, कारभारणीला धुणे धुवायला ऐसपैस जागा हवी असते. पण न्हाणीचे काम हे मुळात पाण्याचे काम आहे. चिबड रानात निचरा न काढता कितीही खत टाकले तरी पीक पिवळेच पडते, हे तुम्हाला मी सांगायला नको. न्हाणीचेही तसेच आहे.

आमचे घर मंगळवेढे तालुक्यातले, जुने, मातीच्या भिंतींचे. लेक बाळंतपणाला येणार होती, म्हणून महिनाभर आधी न्हाणीला हात घातला. शहाबादी फरश्या निघाल्या आणि एकेक अडचण उघडी पडू लागली. भिंत कमरेइतकी ओली. मधली जमीन दोन इंच खचलेली, आणि तिच्याबरोबर सांडपाण्याचा नळ सांध्यात निखळलेला. सहा माणसांच्या आंघोळीचे पाणी बाहेर न जाता घराच्या पायातच मुरत होते.

गवंडी म्हणाला, "साहेब, वरून सिमेंट ओतून टाईल बसवतो. चार दिवसांत मोकळे." दिवस थोडे होते, मोह पडावा असेच बोलणे होते. पण जमीन का खचली हे कळल्याशिवाय वर काही घालायचे नाही, असे आम्ही ठरवले.

पहार मारली तर आवाज पोकळ आला. फूटभर माती काढल्यावर दगडी झाकण लागले. आई काठी टेकत आली. वय ऐंशीच्या घरात. झाकण पाहताच म्हणाली, "आरं, हे तर आपलं पेव. बहात्तरच्या दुष्काळात रितं झालं, ते परत भरलंच न्हाई."

तरुण वाचकांसाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले ज्वारीचे कोठार. आत कडब्याचे अस्तर, तोंडावर लिंपलेले झाकण.

झाकण सरकवताच गवंड्याच्या हाताखालच्या पोराने कमरेला दोर बांधला. आईने त्याचा हात धरला. "उतरू नगंस लेकरा. पेवात मानसं गुदमरल्याती."

तिचे बोलणे शास्त्राला धरून आहे. बंद खड्ड्यात भुसकट कुजताना हवेतला प्राणवायू संपतो आणि जड कार्बन डायऑक्साइड वायू तळाला साचतो. माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर धोका नक्की. पण तेवत राहिला म्हणून आत उतरणे सुरक्षित, असे मुळीच समजू नका. शौचालयाच्या किंवा गोबरगॅसच्या टाकीजवळ तर कंदील नेऊच नका, तिथला वायू पेट घेतो.

पोर वरच थांबले. पेवाभोवती बाभळीच्या काट्या लावल्या, म्हणजे लेकरे-शेळ्या फिरकणार नाहीत. मग वरूनच दगड आणि मुरूम सोडला. दोन ब्रास लागला. काळी माती घातली नाही, कारण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फरशी पुन्हा हलते. पाणी सोडून भर बसू दिली. वरचे तीन फूट अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर देऊन धुमसाने चोपले. त्यावर काँक्रीट केले आणि मोरीकडे दर पाच फुटांना एक इंच उतार ठेवला. नवा नळ टाकला, त्याचे तोंड बांधून आत पाणी भरले आणि रात्रभर ठेवले. सकाळी पातळी तीच होती, तेव्हाच फरशी बसवली. तीही खरखरीत, आईचा पाय घसरू नये म्हणून. भिंतीचा गिलावा काढून ती उघडीच वाळू दिली. सांडपाणी आता परसातल्या केळी आणि कर्दळीला जाते.

लेक आली तेव्हा भिंत अजून वाळतच होती. पहिले आठ दिवस तिची आंघोळ परसात कडब्याच्या आडोशाला झाली. कुणाचे काही अडले नाही. बाळाचे न्हाणे मात्र नव्या न्हाणीत झाले.

खर्च अंदाजापेक्षा पाव हिश्शाने वाढला. म्हणून तुम्हीही जुन्या घराला हात घालताना शंभरातले पंचवीस रुपये वेगळे बांधून ठेवा, आणि मुदतीत आठ-पंधरा दिवस जादा धरा. काही निघाले तर गवंड्याला आधी एकच विचारा, पाणी कुठे जाते आहे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत टाईल्सची खोकी फोडू नका. आणि पहार हाती घेण्याआधी घरातल्या थोरल्या माणसाला ओसरीवर बसवून विचारून घ्या, "इथं आधी काय होतं?"