कराड ते गुहागर : एकटीची वाट

मैत्रिणींनो, नवऱ्याच्या मागे बसून आपण पुष्कळ फिरलो. पण मोटारसायकलचं हँडल आपल्या हाती आलं, की तोच रस्ता निराळा दिसतो! कराडहून गुहागर सुमारे १४० किलोमीटर. पहाटे निघावं, ओढणी घट्ट बांधावी, डब्यात दशम्या नि लसणाची चटणी असावी.

पाटणपर्यंत उसाची शेतं नि कोयनेची सोबत. कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवतोच. पुढे कुंभार्ली घाट. उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका, नुसत्या ब्रेकवरही विसंबू नका. खालच्या गिअरमध्ये ठेवलीत, की इंजिनच तिला आवरून धरतं.

घाटाखाली हवा एकदम दमट होते. तिथे चहाच्या टपरीवरच्या बाईंनी मला विचारलं, "एकट्याच? घरची माणसं कुठायत?"

"घरी!" मी म्हटलं.

त्या हसल्या. पैसे घेताना हळूच म्हणाल्या, "मला सायकलसुद्धा येत नाही हो. पोरीला मात्र शिकवीन."

चिपळूण मागे पडलं, की जांभ्याचे गडगे, लाल माती आणि मग गुहागरच्या नारळी-पोफळीच्या बागा. व्याडेश्वराचं दर्शन घेऊन किनाऱ्यावर जावं आणि सूर्य बुडेपर्यंत नुसतं बसावं. घड्याळ बघायचं नाही, कुणाला वाढायचं नाही.

रात्री घरी फोन केला. पोळ्या जाड झाल्या होत्या, पण सगळे पोटभर जेवले होते. ऐकून हायसं वाटलं आणि खरं सांगू? थोडंसं वाईटही!