आठवा गडी

हुतूतूच्या खेळात मैदानावर एका बाजूस सात गडी असतात, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. परंतु आठव्या गड्याची आठवण सहसा कोणास होत नाही, आणि झालीच तर ती बहुधा फार उशिरा होते. आम्हांस मात्र ही आठवण जन्मभर पुरली आहे. कारण आम्ही स्वतः एके काळी आठवे गडी होतो. खरे सांगावयाचे तर आम्ही बारावे होतो. पण वाचकांपुढे पहिल्याच परिच्छेदात इतका विनय दाखविणे बरे दिसत नाही.

ही जुनी गोष्ट वर येण्यास निमित्त झाला आमचा भाचा. २०२४ सालच्या फेब्रुवारीचे शेवटचे दिवस होते. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचे साखळी सामने आटोपून बाद फेरीस अद्याप चार-पाच दिवसांचा अवकाश होता. प्रत्येक संघाचे बावीस सामने झाले होते. आमची पुणेरी पलटण ९६ गुणांनी पहिली आणि जयपूरचा पिंक पँथर्स हा संघ ९२ गुणांनी दुसरा होता. दोघांसही उपांत्य सामन्यात थेट प्रवेश मिळाला होता, आणि अंतिम सामन्यात हेच दोघे समोरासमोर येणार याविषयी पेठेत कोणासच शंका नव्हती. भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो, पुण्याचे पाणी पितो, आणि भक्ती करतो जयपूरची! तरुणपणी घराविरुद्ध जाण्यासाठी काहीतरी लागते. त्याने जयपूर निवडले, इतकेच समाधान.

त्याचा युक्तिवाद सरळ होता. जयपूरने पहिल्याच हंगामात, २०१४ साली, अजिंक्यपद मिळविले होते. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईस झालेल्या नवव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पलटणीसच ३३–२९ असे हरवून ते पुन्हा मिळविले होते. त्या हंगामात त्यांच्या अर्जुन देशवालने एकट्याने चढाईचे २९६ गुण जमविले. "मामा, तुमच्याकडे असा एक तरी आहे का?" असे विचारून तो जिंकल्याच्या थाटात चहाकडे वळला.

असा एक आमच्याकडे नव्हता, हे खरेच होते. दहाव्या हंगामात चढाईच्या गुणांत पहिल्या पाचांमध्ये पलटणीचा एकही गडी नव्हता. आम्ही किराणाच्या यादीचा कागद उलटा केला, मध्ये एक रेघ ओढली, एका बाजूस पुणे व दुसऱ्या बाजूस जयपूर असे लिहून दोन्ही संघांची नावे मांडली, आणि भाच्यास म्हटले, "आता दोन्हीकडील सर्वांत मोठे एकेक नाव खोड, आणि राहिले ते वाच."

त्याने अर्जुनचे नाव खोडले. सुनील कुमार, अंकुश राठी यांच्यासारखे पकडीतील भक्कम गडी उरले. परंतु चढाईच्या रकान्यात एकदम ओसाडी आली. अजित कुमार होता, पण अर्जुनचे ओझे उचलील असा खांदा दिसेना. मग आमच्या बाजूची पाळी आली. कर्णधार अस्लम इनामदारचे नाव खोडले, तर मोहित गोयत उरला; मोहितही खोडला, तर पंकज मोहिते आणि आकाश शिंदे उरले. पकडीत इराणचा मोहम्मदरेझा शादलुई खोडला, तरी गौरव खत्री, अबिनेश नटराजन आणि संकेत सावंत होतेच. भाचा कागदाकडे थोडा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "पण खोडायचेच कशासाठी? अर्जुन खेळणार आहे की!"

तरुण माणसाचा हा प्रश्न बिनतोड असतो. ज्यांची आयुष्ये खोडाखोडीने भरून गेली आहेत, त्यांनाच त्याचे उत्तर ठाऊक असते.

या खेळाची एक गंमत आहे. त्याचे पूर्वी तीन प्रकार मानीत: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर राही. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक उठे. आजचा खेळ संजीवनीवर उभा आहे. म्हणून मैदानाबाहेर दोन प्रकारची माणसे बसलेली दिसतात. बाद झालेले ओळीने बसतात आणि ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत येतात. आपली पाळी केव्हा येईल हे त्यांस ठाऊक असते. दुसऱ्या बाकावर राखीव गडी असतात. त्यांस काहीच ठाऊक नसते. डिसेंबर २०२३ मध्ये बालेवाडीस सामने झाले तेव्हा आमची दृष्टी वारंवार या दुसऱ्या बाकाकडेच जाई. अमेरिकेत बास्केटबॉल पाच जणांचा. तेथील मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत बाकावरून उठून येणाऱ्या उत्तम गड्यास 'सहावा गडी' म्हणून १९८३ पासून वेगळे पारितोषिक देतात. आमच्या आठव्याच्या नशिबी तेवढेही नाही.

आम्ही शाळेत असताना आमच्या संघात बारा जण होते व वर्षभर खेळत सात. उरलेल्या पाचांत आम्ही शेवटचे. आमच्याकडे लिंबू-साखरेचा डबा आणि सातही जणांची घड्याळे सांभाळण्याचे काम असे. खिशात सात घड्याळे टिकटिकत आहेत आणि आपण स्वस्थ बसलो आहोत, अशा स्थितीत आमचे एक सबंध वर्ष गेले. आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात डाव्या कोपऱ्यावरील गड्याचा घोटा मुरगळला. त्याच्या जागी खेळणारे दोघे त्या दिवशी आलेच नव्हते. मास्तरांनी बाकाकडे पाहिले, आणि आम्ही उभे राहिलो.

पुढचे सांगावयास फार वेळ लागत नाही. आम्ही पकड शिकलो होतो. पण शेजारच्या गड्याचा हात आमच्या हातात वर्षभरात एकदाही सामन्यात आला नव्हता. साखळी म्हणजे नुसते दोन हात नव्हेत. दुसरा केव्हा झेप घेणार हे हातावरून कळावे लागते. चढाई करणारा आला, आम्ही एक क्षण आधी झेपावलो, शेजारी जागेवरच राहिला, साखळी तुटली, आणि दोघेही बाद झालो. असे दोनदा झाले. सामना आम्ही हरलो. कोणी आम्हांस बोलले नाही. सातही जण एकेक करून आमच्याजवळ आले, हात पुढे केला, आणि आम्ही नेहमीप्रमाणे ज्याचे त्याला घड्याळ काढून दिले.

पुष्कळ वर्षे आम्ही यात आपलाच दोष पाहिला. पुढे समजले की, बाकावर किती माणसे बसली आहेत यावरून संघाची खोली मोजता येत नाही. त्यांस आधी, काही बिघडले नसताना, किती वेळा आत घेतले यावरून ती मोजावी. मुंबईच्या त्या २०२२ च्या अंतिम सामन्यात पलटणीचे अस्लम आणि मोहित हे दोघेही जखमांमुळे बाहेर होते. राखीव गड्यांवर तो सामना खेळावा लागला आणि चार गुणांनी गेला. भाच्यास त्यात पराभव दिसला. आम्हांस त्यात भरलेली फी दिसली. शिवाय ही खोली पैशाने मिळत नाही. दहाव्या हंगामात गडी जमविण्यासाठी प्रत्येक संघास ५ कोटी रुपयांची मर्यादा होती, आणि त्यांतील २ कोटी ३५ लाख पलटणीने एकट्या शादलुईवर खर्चिले होते. बाकीचा वाडा घरच्या विटांनीच बांधणे भाग होते. अस्लम हा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील तरुण, तशीच एक वीट.

निकाल असा लागला. २८ फेब्रुवारीस हैदराबादेत पलटणीने पाटण्यास ३७–२१ असे हरविले. जयपूर मात्र हरियाणा स्टीलर्सकडून २७–३१ असे हरले. आमचा कागद कसोटीला लागलाच नाही. १ मार्चच्या अंतिम सामन्यात पलटणीने हरियाणास २८–२५ असे नमवून पहिले अजिंक्यपद मिळविले. त्यात ९ गुण पंकज मोहितेचे होते, आणि त्यांतले चार एकाच चढाईत. दोन नावे खोडल्यावर ज्याचे नाव आम्ही वाचले होते, तोच हा.

येथे थांबलो असतो तर आमची विद्वत्ता अबाधित राहिली असती. पण पुढच्याच हंगामात अस्लमच्या गुडघ्यास दुखापत झाली, आणि पलटण बाद फेरीत पोहोचलीच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अंतिम सामना आमच्याच बालेवाडीस झाला. खेळले हरियाणा आणि पाटणा. भाच्याने तो जुना कागद जपून ठेवला होता. त्याने तो न बोलता आमच्या ताटाशेजारी ठेवला. २०२५ मध्ये अस्लम पुन्हा जखमी झाला. त्या वेळी पलटण साखळीत अव्वल राहिली, अंतिम सामन्यापर्यंत गेली, आणि दिल्लीकडून २८–३१ अशी हरली. तेव्हा खोली ही एकदा खणून ठेवण्याची विहीर नव्हे; दर उन्हाळ्यात तिचा गाळ उपसावा लागतो, एवढी दुरुस्ती आम्ही आमच्या सिद्धांतात करून घेतली आहे.

ही दुरुस्ती आम्ही सौभाग्यवतींसही मोठ्या उत्साहाने ऐकविली. त्या भाकरी थापीत होत्या. मागे त्या पंधरा दिवस तापाने निजून होत्या, तेव्हा स्वयंपाकघरात आमची जी त्रेधा उडाली, तिचा उल्लेख त्यांनी केला नाही. त्यांनी परातीपुढची जागा मोकळी केली आणि म्हणाल्या, "मी धडधाकट आहे तोवरच बसा इथे. मग कोण शिकवणार?"

आमची पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली. त्यांनी ती तशीच भाजली, आणि पिठाचा दुसरा गोळा आमच्या हाती दिला.