काकांची ‘विक्रांत’

बंगळूरला काकांच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तिथे सात फुटांची ‘विक्रांत’ आहे! मूळ बोट २१३ मीटर लांब. काकांचे माप शंभरास एक. प्लायवूडच्या फासळ्या, त्यावर लाकडी पट्ट्या आणि सगळ्यावर पातळ स्टायरीनचे पत्रे. प्लास्टिकचा गोंद लाकडाला धरत नाही, म्हणून चपला चिकटवायचे सोल्यूशन वापरतात. त्या वासाने काकू हैराण!

१९७१ साली काका याच बोटीच्या बॉयलर रूममध्ये होते. चारांपैकी एका बॉयलरला चीर गेलेली, तरी तिच्या विमानांनी चितगाव, कॉक्सबझार गाठले. १९९७ साली बोट निवृत्त झाली, २०१४ साली मुंबईत भंगारात निघाली. पुढे तिच्या पोलादाचा अंश असलेल्या मोटारसायकली आल्या. ती जाहिरात लागली, की काका टीव्ही बंद करीत. मला ते पटते.

पत्रे लावण्याआधी काकांनी आत चार बॉयलर बसवले, एकावर काळी रेघ ओढली.

“आता हे कुणाला दिसणार?” काकू म्हणाल्या.

“दिसायला कशाला हवं?” काकांनी पत्रा दाबून धरला.

सी हॉक विमाने अजून व्हायची आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली आहे.