सरमेचें दूध

पनवेलीस उतरलेला प्रवासी सहसा तेथें रमत नाहीं. कोणास गोव्याच्या वाटेस लागावयाचें असतें, कोणास मुंबईची गाडी धरावयाची असते. मीही आजवर तसाच पुढें जात असें. परंतु गेल्या पौषांत धाकट्या बंधूंच्या घरीं आठ दिवस राहण्याचा योग आला, आणि वडाळे तलावाच्या कांठीं फिरतां फिरतां हें गांव मीं प्रथमच सावकाश पाहिलें.

एके सकाळीं वर्तमानपत्रासाठीं स्टेशनावर गेलों असतां एक पोलीस-श्वान उतारूंचें सामान हुंगतांना दिसला. एका पिशवीपाशीं येतांच तो मुकाट्यानें खालीं बसला. भुंकला नाहीं कीं पंजा मारला नाहीं. स्फोटकास धक्का लागूं नये म्हणून त्यास असेंच शिकविलेलें असतें. शिपायानें तत्क्षणीं खिशांतून चेंडू काढून त्याच्यापुढें टाकला. ती पिशवी सरावासाठीं त्यांनींच ठेविली होती, हें मागाहून कळलें. मीं चौकशी केली तेव्हां शिपाई हंसून म्हणाला, "काका, ह्याला बॉम्ब ठाऊक नाहीं. हा वास सांपडला कीं चेंडू मिळतो, एवढेंच ठाऊक!"

मनुष्याच्या नाकांत गंध घेणाऱ्या पेशी सुमारें ५०-६० लक्ष, तर श्वानाच्या नाकांत २० कोटींच्या वर असतात. ह्या देणगीचें मोल आपल्या प्रांतानें अनुभविलें आहे. १२ मार्च १९९३ च्या मुंबईच्या स्फोटांतील आरडीएक्स ह्याच रायगड जिल्ह्यांत, शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलें होतें. त्या काळीं मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' नामक श्वानानें ३,३२९ किलो आरडीएक्स व ६०० डिटोनेटर हुडकल्याची नोंद आहे. २००० च्या नोव्हेंबरांत तो वारला तेव्हां त्यास सरकारी इतमामानें निरोप देण्यांत आला.

घरीं येऊन मीं ही हकीकत सांगितली, तेव्हां बंधूंच्या आठ वर्षांच्या नातवास स्फुरण चढलें. त्यानें तीन वाट्या पालथ्या घातल्या, एकीखालीं लवंग ठेविली आणि घरच्या मोतीस बोलाविलें. योग्य वाटी हुंगली कीं लगेच भाकरीचा तुकडा! दोन दिवसांत मोती पटाईत झाला. मी कौतुकानें पाहावयास गेलों, तों त्याची शेपटी पोटाखालीं गेली आणि तो पलंगाखालीं शिरला. आल्या दिवशींच चिखलाच्या पायांनीं माजघरांत आला म्हणून मीं त्यास काठी मारली होती.

मुलगा गंभीरपणें म्हणाला, "आजोबा, तुम्ही बाहेर जा ना. तुम्ही असलांत कीं त्याचें नाक चालत नाहीं."

ते शब्द मला झोंबले. पस्तीस वर्षें मीं शाळेंत शिकविलें, तें बहुतेक हातांत छडी घेऊन. भ्यालेला जीव शोध करीत नाहीं. तो सुटकेची वाट पाहतो. माझ्यापुढें किती मुलांची बुद्धि अशी पलंगाखालीं शिरली असेल!

आमच्या संस्कृतांतही हें होतेंच. पणींनीं लपविलेल्या गाईंचा माग काढण्यास इंद्रानें सरमा ह्या देवशुनीस धाडलें. निघण्यापूर्वीं तिनें आपल्या पिलासाठीं दूध मागितलें व इंद्रानें तें कबूल केलें, अशी कथा सायणाचार्यांनीं ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलावरील भाष्यांत दिली आहे. मीं ती कितीदां तरी सांगितली. तींतील दूध मात्र कधीं ध्यानांत आलें नाहीं.

निघण्याच्या दिवशीं मी उंबऱ्यावर बसून भाकरीचा तुकडा पुढें केला. मोती बराच वेळ दूर उभा राहिला. हातांतून त्यानें तो घेतला नाहीं. पण मीं जमिनीवर ठेवितांच दोन पावलें पुढें आला.


पुढील खेपेस पनवेलीस अधिक दिवस राहावें म्हणतों.