गोधडीचा दोरा

थंडीत घाटातला वारा धारूरवर चढून येई. किल्ल्याच्या अंगाला बिलगलेलं गाव दिवेलागणीलाच दारं ओढून घेई. जेवणं उरकली की काका ॲम्प्लिफायरची कळ दाबत. आवाज लगेच येत नसे. आधी व्हॉल्व्हच्या काचेत तांबूस ठिपका उमटे, निरांजनासारखा स्थिर होई. तापल्या धुळीचा वास सुटे. तेवढा वेळ घरात कुणी बोलत नसे. मग तबकडीवर सुई टेके आणि भीमसेन जोशींचा अभंग ओसरीपर्यंत भरून येई. व्होल्टेज पडलं की तो ठिपका मंदावे. काका हात जोडल्यासारखे त्याच्याकडे बघत बसत.

हा ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः बांधला होता. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे आणि आराखडा विल्यमसन या ब्रिटिश अभियंत्याचा, १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आलेला. दोन केटी-६६ व्हॉल्व्ह, १५ वॅट. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. व्हॉल्व्हला सर्वांत सुरेल आवाज सापडला आणि त्याची सद्दी संपवणाराही आला, दोन्ही एकाच वर्षी. पुढं सगळीकडे ट्रान्झिस्टर आले, तरी काकांनी हाच आराखडा निवडला.

विल्यमसनच्या आराखड्याचा जीव आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. तांब्याच्या तारेची वेटोळी एका झटक्यात गुंडाळून चालत नाही. आतली-बाहेरची वेटोळी थरांत विभागून, एकाआड एक बसवावी लागतात. तरच खर्जही भरीव येतो आणि टाळांचा बारीक झणत्कारही हरवत नाही. काकू हे ऐकून म्हणायची, "म्हणजे गोधडीच की!"

काका गेल्यावर काही वर्षांनी आवाजात घरघर येऊ लागली. अंबाजोगाईच्या एका कारागिरानं तळाचा पत्रा उघडला. आधी कपॅसिटरमधला विजेचा साठा उतरवून घेतला. बंद यंत्रातही तो जिवावर बेतेल एवढा असतो, म्हणून काका आम्हा मुलांना जवळ फिरकू देत नसत. दोन कपॅसिटर वाळले होते, तेवढेच बदलायचे होते. सगळं वायरिंग नवं करून देऊ का, असं त्यानं विचारलं. मी आत डोकावलो. तारांची प्रत्येक जुडी दोऱ्यानं बांधलेली, टाके सारख्या अंतरावर. काकूच्या गोधडीचाच तो दोरा. इतक्या वर्षांच्या उष्णतेनं करपून तांबूस झालेला, पण एकही गाठ सैल नव्हती.

"राहू द्या," मी म्हणालो.

त्या रात्री कळ दाबली. ठिपका उमटला, स्थिरावला. आम्ही सगळे गप्प बसलो. काकूनं गोधडी गुडघ्यांवर ओढून घेतली आणि डोळे मिटले.