चार मिनिटांचं गौडबंगाल

ठाण्यात माजिवडा नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर-रूम म्हणजे एसी लावलेली अडगळीची खोली. तिथे दोन विंडोज सर्व्हरचं क्लस्टर, दोघांत एक स्टोरेज आणि हायपर-व्हीवर चालणारी डझनभर व्हर्च्युअल मशिन्स. मी नवखा. सरांनी आधी लाइव्ह मायग्रेशन दाखवलं. चालू मशीन इकडून तिकडे गेलं आणि वापरणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. मग म्हणाले, "आता पहिल्याची पॉवर केबल काढ."

काढली. दुसरा सर्व्हर ठणठणीत, स्टोरेज ठणठणीत, तरी मशिन्स तिकडे जाईनात. पडद्यावर पहिला सर्व्हर 'आयसोलेटेड'. करंट नसलेल्या डब्याला क्लस्टर चक्क एकटा पडलेला समजत होता! चार मिनिटांनी कुठे मशिन्स दुसरीकडे बूट व्हायला लागली.

मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. पण हा विंडोज सर्व्हरच्या २०१६च्या आवृत्तीपासूनचा ठरवून दिलेला वेळ आहे: २४० सेकंद. सर्व्हर दर सेकंदाला एकमेकांना हार्टबीट पाठवतात. २०१६मध्ये असे दहा, २०१९मध्ये वीस ठोके चुकले की संशय सुरू होतो आणि त्यानंतर ही चार मिनिटं. कारण बऱ्याचदा नेटवर्क क्षणभर अडखळलेलं असतं, आणि फेलओव्हर (मशिन्स दुसऱ्या सर्व्हरवर नेणं) म्हणजे सगळी मशिन्स नव्याने बूट. रोगापेक्षा औषध जालीम.

"मग शून्य करू?" मी विचारलं.

"कर की. मग स्विच रिस्टार्ट झाला तरी अर्धी मशिन्स पाडशील."

शेवटी ते मूल्य तीस सेकंदांवर आणलं. उरलेला वेळ मशीन बूट होण्याचा, तो क्लस्टरच्या हातात नाहीच. फार तर डेटाबेसच्या मशीनला आधी उठण्याचा अग्रक्रम देता येतो. सेकंदच मोजायचे असतील, तर एसक्यूएलची दुसरी प्रत वेगळ्या मशीनमध्ये आधीपासून चालू ठेवायची. मला हे सगळ्यात जास्त पटलं, पण लायसन्सचा खर्च ऐकून विषय तिथेच थांबला.

१२ ऑक्टोबर २०२०ला कळवा-पडघा वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई-ठाण्याची वीज गेली होती. तसं पुन्हा झालं तर, मी विचारलं. सर म्हणाले, "अरे, दोन्ही सर्व्हर एकाच यूपीएसवर. क्लस्टर काय करणार?" त्यासाठी दुसऱ्या शहरात हायपर-व्ही रेप्लिका, म्हणजे मशिन्सची प्रत, ठेवतात. तिथे बदल दर तीस सेकंदांनी, पाच किंवा पंधरा मिनिटांनी पोचतात. फेलओव्हर मात्र आपोआप होत नाही. तो सुरू करायला माणूस लागतो.